किल्ला एकाकडे, किताब दुसऱ्याकडे : बार्कली घराण्याचे वारसा प्रकरण

8 ऑगस्ट 1810 रोजी बार्कलीचा पाचवा अर्ल, म्हणजे वंशपरंपरागत किताबाचा उमराव, फ्रेडरिक ऑगस्टस वारला. मागे राहिले ते पत्नी मेरी, मुलगे आणि मुली, ग्लॉस्टरशायरमध्ये सेव्हर्न नदीजवळ बाराव्या शतकात घराण्याकडे आलेला किल्ला, भोवतालची हजारो एकर जमीन आणि लंडनच्या मेफेअर भागातली मोक्याची मालमत्ता. थोरला मुलगा विल्यम फिट्झहार्डिंग तेव्हा तेवीस वर्षांचा होता. बापाच्या मृत्युपत्राने किल्ला त्याच्याकडे आला. मग रिवाजाप्रमाणे त्याने अर्ल म्हणून हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, संसदेच्या उमरावांच्या सभागृहात, बसण्याचे बोलावणे मागितले आणि तिथे गाडी अडली. 1811 मध्ये सभागृहाच्या विशेषाधिकार समितीने निर्णय दिला की विल्यमचा दावा सिद्ध होत नाही. विल्यमच्या जन्माआधी आईबापांचे लग्न झाले होते, हे समितीला पटले नाही.

कायद्याच्या दृष्टीने अर्ल ठरला तो धाकटा भाऊ थॉमस मॉरटन. तो तेव्हा चौदा वर्षांचा होता. पुढे तो पंचाऐंशी वर्षांचा होऊन 1882 मध्ये वारला आणि त्या बहात्तर वर्षांत त्याने अर्ल हा किताब एकदाही लावला नाही.

इंग्रज उमराव म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे एकच एकसंध चित्र येते: एक लॉर्ड, त्याचा वाडा, त्याची शेते, भिंतीवर पूर्वजांची तैलचित्रे. मला हे प्रकरण महत्त्वाचे वाटते, कारण त्यात हे चित्र उसवून त्याचे धागे वेगवेगळे दिसतात. किताबाचा वारसा एका नियमाने चालतो, जमिनीचा दुसऱ्या. बहुतेक घराण्यांत दोन्ही नियम योगायोगाने एकाच माणसापाशी येऊन थांबतात, म्हणून फरक जाणवत नाही. बार्कलींच्या घरात ते एकदा नव्हे, चार वेळा फाटले.

नियम कोणते होते

आपल्याकडे वडिलोपार्जित मिळकत म्हटली की भावांत वाटणी हे गृहीत असते. इंग्लंडच्या उमरावांनी नेमकी वाटणीच टाळली. सगळे थोरल्या मुलाकडे, धाकट्यांनी सैन्य, आरमार, चर्च किंवा संसद पाहावी. म्हणून तिथल्या इस्टेटी शतकानुशतके अखंड राहिल्या आणि म्हणूनच थोरला कोण हा प्रश्न जीवनमरणाचा झाला.

अर्लपद राजाच्या सनदेने मिळते. बार्कलींना ते 1679 मध्ये मिळाले. कोणाकडे जायचे ते सनदेतच लिहिलेले असते: मूळ अर्लच्या अंगचे, विवाहातून झालेले पुरुष वंशज. बापाला ते मृत्युपत्राने कोणाला देता येत नाही, विकता येत नाही, दुसऱ्या मुलाकडे वळवता येत नाही. 1963 च्या कायद्यापूर्वी वारसाला ते नाकारण्याचीही सोय नव्हती. याहून जुना प्रकार म्हणजे राजाने एखाद्याला संसदेत बसण्याचे बोलावणे धाडल्याने निर्माण झालेली बॅरनी, म्हणजे बॅरन हा किताब. ती मुलगा नसेल तर मुलीकडेही जाऊ शकते. बार्कलींकडे 1421 पासूनची अशी एक बॅरनी होती. एकाच माणसाच्या डोक्यावर दोन किताब आणि दोघांचे वारसानियम निराळे, हे ध्यानात ठेवले की पुढची गुंतागुंत उलगडते.

जमिनीचे सगळे कागदावर अवलंबून. घराण्याने आधी करून ठेवलेल्या व्यवस्थापत्राने ती बांधलेली असेल तर सध्याचा मालक फक्त हयातीपुरता उपभोग घेतो आणि ती ठरलेल्या वारसाकडे जाते. बांधलेली नसेल तर मृत्युपत्राने हव्या त्या माणसाला देता येते, मग तो अनौरस असला तरी चालेल.

आणि अनौरस म्हणजे इंग्लंडमध्ये कायमचा अनौरस. आईबापांनी नंतर लग्न केले तरी आधी जन्मलेले मूल औरस होत नसे. चर्चचा कायदा अशा मुलाला स्वीकारायला तयार होता, स्कॉटलंडमध्येही ते चालत होते, पण 1236 मध्ये मर्टन येथे जमलेल्या इंग्रज सरदारांनी आम्ही इंग्लंडचे कायदे बदलू देणार नाही असे ठणकावले. तो नकार जवळजवळ सातशे वर्षे टिकला.

या घराण्यात हे नवीन नव्हते

विल्यमच्या खटल्याकडे येण्याआधी मागे जावे लागते, कारण किल्ला आणि किताब यांची ताटातूट बार्कलींनी आधीही भोगली होती. घराण्याचा मूळपुरुष रॉबर्ट फिट्झहार्डिंग ब्रिस्टलचा धनाढ्य माणूस होता. दुसऱ्या हेन्रीला गादी मिळवून देण्यात त्याने मदत केली आणि बाराव्या शतकाच्या मध्यात त्याला बार्कली मिळाले. जाता जाता सांगतो, या नावाचा उच्चार तिकडे बार्कली असाच करतात. कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठाच्या गावाचे नाव जॉर्ज बार्कली या आयरिश तत्त्वज्ञावरून पडले, या अर्लांवरून नाही. या किल्ल्याचे नाव इतिहासात गाजले ते 1327 मुळे. पदच्युत राजा दुसरा एडवर्ड इथेच कैदेत होता आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात इथेच त्याचा अंत झाल्याचे जाहीर झाले.

1417 मध्ये पहिली फाळणी झाली. तेव्हाचा लॉर्ड थॉमस वारला, मागे एकच मुलगी, एलिझाबेथ, वॉरिकच्या अर्लची पत्नी. रक्ताने वारस ती. पण 1349 मध्ये करून ठेवलेल्या व्यवस्थापत्राप्रमाणे किल्ला पुरुष वारसाकडे जायचा होता, म्हणजे पुतण्या जेम्सकडे. जेम्सला किल्ला मिळाला आणि 1421 मध्ये संसदेचे बोलावणेही आले. एलिझाबेथच्या वंशजांनी हे कधीच मान्य केले नाही. दोन्ही शाखांतला वाद कोर्टात आणि कोर्टाबाहेर मिळून जवळजवळ दोन शतके चालला. त्यातली सर्वांत रक्तरंजित घटना 20 मार्च 1470 ची. एलिझाबेथचा पणतू, तरुण व्हायकाउंट लाइल, याने जेम्सचा मुलगा विल्यम याला लढाईचे आव्हान दिले, दोघे आपापली माणसे घेऊन निब्ली ग्रीनच्या माळावर भिडले आणि लाइल तिथेच मारला गेला. इंग्लंडच्या भूमीवर दोन सरदारांच्या खाजगी फौजांमध्ये झालेली ही शेवटची मोठी लढाई मानतात. तिचे मूळ कारण एक वारसाहक्काचा कागद होता.

याच विल्यमने पुढे जे केले ते मला या साऱ्या इतिहासातले सर्वांत विलक्षण कृत्य वाटते. त्याला मूलबाळ उरले नव्हते. धाकटा भाऊ मॉरिस वारस. पण मॉरिसने ब्रिस्टलच्या एका नगरसदस्याची मुलगी केली होती आणि विल्यमच्या मते ती घराण्याला शोभणारी नव्हती. भावाला काही मिळू नये म्हणून त्याने एकेक करून जहागिरी दरबारात वाटल्या आणि बदल्यात किताब घेतले. तो व्हायकाउंट झाला, मग नॉटिंगहॅमचा अर्ल, मग 1489 मध्ये मार्क्वेस ऑफ बार्कली. खुद्द किल्ला त्याने सातव्या हेन्रीच्या आणि त्याच्या पुरुष वंशजांच्या नावे करून दिला. 1492 मध्ये विल्यम वारला, किताब त्याच्याबरोबर संपले आणि किल्ला राजाकडे गेला. घराण्याचा सतराव्या शतकातला कारभारी आणि इतिहासकार जॉन स्मिथ याने या विल्यमला उधळ्या अशी पदवीच देऊन टाकली आहे.

पण कागद दोन्ही बाजूंनी कापतो. 'पुरुष वंशज' असे लिहिले होते, म्हणून 1553 मध्ये सहावा एडवर्ड वारला आणि सातव्या हेन्रीची पुरुष शाखा संपली, तसा किल्ला आपोआप बार्कलींकडे परत आला. नाकारल्या गेलेल्या मॉरिसच्याच वंशजाकडे. एकसष्ट वर्षे राजघराण्याकडे राहिलेली मालमत्ता दोन शब्दांच्या जोरावर सुटली.

1785 की 1796

आता मूळ प्रकरण. पाचव्या अर्लचा जन्म 1745 चा. चाळिशीच्या उंबरठ्यावर त्याची मेरी कोलशी गाठ पडली. ती ग्लॉस्टरजवळच्या एका खाटकाची मुलगी. वडील वारल्यावर घराची वाताहत झाली होती. मेरी अर्लच्या घरी राहू लागली आणि त्या काळात ती मिस ट्यूडर या नावाने ओळखली जात असे. 1786 च्या डिसेंबरात विल्यम जन्मला, 1788 मध्ये मॉरिस, नंतर ऑगस्टस, फ्रान्सिस हेन्री. 16 मे 1796 रोजी लंडनच्या लॅम्बेथ चर्चमध्ये अर्लने मेरीशी उघडपणे लग्न केले. त्याच वर्षी 19 ऑक्टोबरला थॉमस मॉरटन जन्मला. त्याच्यानंतरही मुले झाली, त्यांत ग्रँटली आणि क्रेव्हन हे दोन मुलगे.

लॅम्बेथच्या लग्नाच्या दोनच दिवस आधी, 14 मे 1796 ला, बार्कली गावात एडवर्ड जेन्नरने जेम्स फिप्स नावाच्या मुलाला गोदेवीची लस टोचली होती. सहा वर्षांनी, 14 जून 1802 रोजी, ती लस मुंबईत ॲना डस्टहॉल या लहान मुलीला टोचली गेली आणि हिंदुस्थानात देवीच्या लसीकरणाची सुरुवात झाली. किल्ल्यातल्या मंडळींना तेव्हा मात्र त्या गावातून जगभर काय जाणार आहे यापेक्षा वेगळीच चिंता होती.

ती चिंता म्हणजे थोरले चार मुलगे. 1799 च्या सुमारास अर्लने सांगितले की लॅम्बेथचे लग्न दुसरे होते. पहिले लग्न 30 मार्च 1785 रोजी बार्कलीच्या गावच्या चर्चमध्ये व्हिकर, म्हणजे तिथले धर्मगुरू, ऑगस्टस हप्समन यांनी गुपचूप लावले होते. साक्षीदार मेरीचा सख्खा भाऊ, जो ट्यूडर हे नाव लावू लागला होता. चर्चच्या वहीत तशी नोंदही दाखवण्यात आली. विल्यमला घरात आणि बाहेर व्हायकाउंट डर्स्ली म्हणू लागले, हा अर्लच्या थोरल्या मुलाचा मानाचा किताब. 1810 मध्ये तो ग्लॉस्टरशायरमधून संसदेच्या कॉमन्स सभागृहात निवडूनही आला.

या गुप्त लग्नाच्या कहाणीचे वजन कळायला 1753 चा विवाह कायदा माहीत हवा. त्याआधी इंग्लंडमध्ये कुठेही, कसेही लग्न लागू शकत असे आणि त्यातून वारशाचे असंख्य तंटे उद्भवत. नव्या कायद्याने लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये जाहीर पुकारा किंवा परवाना, दोन साक्षीदार आणि वहीत सहीनिशी नोंद हे सक्तीचे केले. वहीत खोटी नोंद करणाऱ्याला फाशीची शिक्षा होती. म्हणजे 1785 ची नोंद खरी असेल तर विल्यम अर्ल, आणि खोटी असेल तर कोणीतरी फाशीच्या गुन्ह्यात हात घातलेला. मधली वाट नव्हती.

समितीपुढे काय आले

लॉर्ड चॅन्सेलर, म्हणजे देशाचे सर्वोच्च न्यायाधिकारी, एल्डन यांच्या काळात हे काम चालले. किताबांचे दावे साध्या कोर्टात जात नाहीत. ते राजाकडे केले जातात आणि राजा ते हाउस ऑफ लॉर्ड्सकडे पाठवतो. मेरी, आता विधवा काउंटेस, हिने स्वतः साक्ष दिली. वहीतले हस्ताक्षर कोणाचे, ती नोंद इतकी वर्षे कोणाच्या नजरेला का पडली नाही, यावर तपासण्या आणि उलटतपासण्या झाल्या.

मला स्वतःला एक प्रश्न सगळ्यांत जड वाटतो. 1785 मध्ये लग्न झाले असेल तर विल्यमच्या जन्माच्या वेळी एक शब्द बोलायला काय हरकत होती? पाचव्या अर्लला बापाची भीती नव्हती, बाप केव्हाच वारला होता. त्याला कोणाच्या परवानगीची गरज नव्हती. मेरी खाटकाची मुलगी, म्हणून लाज वाटली असे मानले तरी ती लाज 1796 मध्ये संपलीच. मग पहिले लग्न जाहीर करण्याऐवजी त्याच बाईशी नव्याने लग्न करण्याचे कारण काय? आणि वर्षानुवर्षे तिला मिस ट्यूडर म्हणवून घ्यायला लावून आपल्याच मुलांच्या हक्कावर संशय ओढवून घेणारा बाप कोणता? दावेदारांकडे गुप्ततेचे वचन याखेरीज पटेल असे उत्तर नव्हते. समितीने दावा फेटाळला तो पुराव्याच्या आधारे योग्यच होता, असे माझे मत आहे.

पण मेरीला सरसकट खोटारडी म्हणून मोकळे होणाऱ्या लेखकांशी मी सहमत नाही. तिच्या जागी उभे राहून पाहा. चार मुलगे तिने एका अशा माणसाच्या घरी वाढवले, ज्याच्या हाती सारे होते आणि ज्याला एक लग्न वेळेवर करणे सहज शक्य होते. उशीर त्याने केला. त्याची किंमत मुलांना मोजावी लागली आणि भर सभागृहात, शेकडो डोळ्यांसमोर, आपण कधीपासून पत्नी आहोत हे तिला सांगावे लागले. नोंद कोणी लिहिली हे ठरले तरी या गोष्टीचा दोष कोणाचा हा प्रश्न वेगळाच राहतो.

या प्रकरणाने पुराव्याच्या कायद्याला एक नियम पक्का करून दिला आणि तो आपल्या दारापर्यंत आला आहे. घराण्यातली मयत माणसे नात्यागोत्याबद्दल पूर्वी काय म्हणाली होती, हे एरवी ऐकीव म्हणून नाकारले गेले असते. पण वंशावळीच्या बाबतीत दुसरा पुरावा मिळणेच कठीण, म्हणून ते स्वीकारतात. बार्कली प्रकरणात न्यायाधीशांना विचारण्यात आले की वाद उभा राहिल्यानंतर केलेली विधाने चालतील का. त्यांनी नाही म्हटले. एकदा तंटा सुरू झाला की माणसाचे मन नकळत एका बाजूला झुकते आणि त्याचे बोलणे निर्मळ उरत नाही, हा त्यामागचा विचार. त्याचबरोबर असेही विचारले गेले की बापाने घरच्या बायबलमध्ये मुलगा औरस असल्याची नोंद केली असेल आणि ती पुढच्या वादासाठीच केली असे दिसत असेल, तर काय? न्यायाधीश म्हणाले की ती पुरावा म्हणून घेता येईल, पण तिच्याकडे दाट संशयाने पाहिले जाईल.

1872 च्या भारतीय पुरावा कायद्यात कलम 32 चे पाचवे पोटकलम उघडून पाहा. रक्ताच्या, विवाहाच्या किंवा दत्तकाच्या नात्याबद्दल मयत व्यक्तीचे विधान चालते, पण ते वादाचा प्रश्न निघण्यापूर्वी केलेले असले पाहिजे. हीच अट त्या कायद्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष अधिनियम, 2023 च्या कलम 26 मध्ये कायम आहे. आपल्या दिवाणी कोर्टांत दत्तकाच्या आणि भाऊबंदकीच्या दाव्यांत आजीने किंवा चुलत्याने पूर्वी काय सांगितले होते यावर वकील भांडतात, तेव्हा ते सांगणे तंट्याच्या आधीचे की नंतरचे हा मुद्दा पहिल्याप्रथम निघतो. त्या मुद्द्याची एक वाट बार्कलीच्या चर्चच्या वहीपासून येते.

थॉमस

निकालाच्या दिवसापासून थॉमस अर्ल होता. त्याला काहीही करावे लागणार नव्हते. सज्ञान झाल्यावर एक अर्ज, आणि लॉर्ड्समधली खुर्ची त्याची. त्याने तो अर्ज कधी केला नाही. किताब लावला की आईचे लग्न 1785 चे नव्हते हे मान्य केल्यासारखे होते, आणि आईला असत्यवादी ठरवून मिळणारे मोठेपण त्याला नको होते. तो लंडनच्या पश्चिमेला क्रॅनफर्ड येथे राहिला. मेरी 1844 मध्ये वारली, त्यानंतरही त्याने आपला निर्णय बदलला नाही. त्याला मूल नव्हते.

सगळ्या भावांनी इतका संयम पाळला नाही. सहावा, ग्रँटली, तापट. त्याच्या एका कादंबरीचे परीक्षण 1836 मध्ये छापून आले, त्यात आईचाही उद्धार होता. तेव्हा त्याने प्रकाशक जेम्स फ्रेझर याला त्याच्याच दुकानात चाबकाने बेदम मारले. त्या वेळी क्रेव्हन सोबत होता. परीक्षण लिहिणाऱ्या मॅगिनशी ग्रँटली पिस्तुलांनी द्वंद्वही लढला. पुढे म्हातारपणी याच ग्रँटलीने आठवणी लिहून घरातली भांडणे चव्हाट्यावर आणली. चौथा, फ्रान्सिस हेन्री, ब्रिस्टलचा खासदार झाला आणि गुप्त मतदानाचा ठराव वर्षानुवर्षे मांडत राहिला.

आणि विल्यम? त्याला कर्नल बार्कली म्हणत. किताब गेला तरी किल्ला, कुळे आणि मते त्याच्याच हाती होती. त्या काळात कुळे जमीनदाराच्या सांगण्याप्रमाणे उघड मत देत, त्यामुळे ग्लॉस्टरशायरच्या राजकारणात त्याच्याशिवाय पान हलत नसे. व्हिग पक्षाला तो हवा होता. म्हणून 1831 मध्ये त्याला बॅरन सेग्रेव्ह केले गेले आणि 1841 मध्ये अर्ल फिट्झहार्डिंग. बापाचे अर्लपद नाकारलेल्या माणसाला जमिनीच्या बळावर नवे अर्लपद मिळाले. रक्ताने जे दिले नाही ते मतांनी दिले, आणि मते आली जमिनीतून. 1811 च्या निकालापेक्षा इंग्रज उमरावशाहीचा पाया मला इथे जास्त स्पष्ट दिसतो. पण विल्यमला औरस मूल नव्हते. 1857 मध्ये तो वारला आणि नवे अर्लपद त्याच्याबरोबर संपले.

किल्ल्याला किताब चिकटलेला असतो का

विल्यमने नवे किताब मिळण्याआधी, 1820 च्या दशकाच्या शेवटी, आणखी एक वाट चाचपून पाहिली होती आणि 1857 नंतर त्याचा भाऊ, ॲडमिरल मॉरिस, याने ती नेटाने पुढे नेली. दावा असा: आम्ही अनौरस असू, पण बार्कलीचा किल्ला आमचा आहे, आणि पूर्वी जो किल्ल्याचा धनी तोच बार्कलीचा बॅरन असे. बॅरनी रक्ताला चिकटलेली नसून भूमीला चिकटलेली आहे.

हा दावा हास्यास्पद नव्हता. पुरावा त्यांच्याच इतिहासात होता. 1417 नंतर रक्ताची वारस एलिझाबेथ असताना बोलावणे गेले किल्लेदार जेम्सला. 1492 नंतर किल्ला राजाकडे असताना मॉरिसला बॅरन म्हणून बोलावणे आले नाही. मागच्या दोन्ही फाळण्या आता या खटल्यात साक्षीला उभ्या राहिल्या. पण हा दावा मान्य केला असता तर जमीन विकत घेणारा कोणीही सावकार लॉर्ड झाला असता. 1669 मध्येच प्रिव्ही कौन्सिल या राजाच्या सल्लागार मंडळाने फिट्झवॉल्टर प्रकरणात भूमीला जोडलेल्या बॅरनीचा काळ संपला आहे, ती आता पुन्हा जिवंत करणे योग्य नाही, असे म्हटले होते. 1861 मध्ये लॉर्ड्सनी ॲडमिरलचा दावा फेटाळला. त्याच वर्षी त्याची समजूत काढावी तशी त्याला बॅरन फिट्झहार्डिंग ही नवी कोरी पदवी दिली गेली.

तीन वाटा

थॉमस 1882 मध्ये वारला. ग्रँटली आदल्याच वर्षी गेला होता, क्रेव्हन त्याच्याही कितीतरी आधी. औरस भावांपैकी कोणाचाच मुलगा उरला नव्हता. आता तिन्ही गोष्टी तीन दिशांना गेल्या. अर्लपद पुरुष वंशजाकडे, म्हणजे पाचव्या अर्लच्या भावाच्या नातवाकडे, जॉर्ज लेनॉक्स रॉडन बार्कलीकडे. 1421 ची बॅरनी मुलींनाही मिळू शकत असल्यामुळे क्रेव्हनची मुलगी लुइझा मिलमन हिच्याकडे. 1893 मध्ये तिचा हक्क मान्य झाला. आणि किल्ला ॲडमिरलच्या मुलांकडे, लॉर्ड फिट्झहार्डिंगकडे. एकाच नावाची तीन घरे, आणि एकालाही सगळे नाही.

नव्या अर्लचा मुलगा रँडल याच्यापुढे तर जुनाच प्रश्न नव्याने आला. त्याच्या आईचे आधी लग्न झालेले होते. ते रीतसर सुटले होते का, आणि 1865 मध्ये जन्मलेला रँडल औरस आहे का, हे त्याला लॉर्ड्सपुढे सिद्ध करावे लागले. 1891 मध्ये त्याचा हक्क मान्य झाला. हा आठवा अर्ल वंशावळीपेक्षा प्रयोगशाळेत रमणारा. ऑक्सफर्डजवळ बोअर्स हिल येथे त्याने स्वतःची प्रयोगशाळा उभारली, ई. जी. जे. हार्टली यांच्याबरोबर परासरण दाबाची अत्यंत काटेकोर मोजमापे केली आणि 1908 मध्ये तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला. उमराव म्हणून मिळालेल्या मानापेक्षा हा मान त्याने स्वतः कमावला होता, म्हणून मला तो अधिक मोलाचा वाटतो.

1916 मध्ये शेवटचा लॉर्ड फिट्झहार्डिंग निपुत्रिक वारला आणि किल्ला रँडलकडे आला. 1810 नंतर प्रथमच बार्कलीचा अर्ल बार्कलीच्या किल्ल्याचा मालक झाला, एकशे सहा वर्षांनी. मेफेअरची मालमत्ताही त्याच्या हाती आली. तिचा इतिहासही वळणावळणाचा: ती मुळात बार्कली ऑफ स्ट्रॅटन या दुसऱ्या शाखेची होती. ती शाखा 1773 मध्ये संपली तेव्हा तरुण पाचव्या अर्लला ती मिळाली. 1919 मध्ये रँडलने बार्कली स्क्वेअरसह ती सुमारे वीस लाख पौंडांना विकली. पैसा किल्ल्याच्या दुरुस्तीत ओतला.

तोपर्यंत कायदाही हलू लागला होता. 1926 च्या कायद्याने अखेर मर्टनचा नकार मोडला आणि नंतरच्या लग्नाने आधीची मुले औरस मानली जाऊ लागली. त्या कायद्यात एक अपवाद मात्र आवर्जून ठेवला: किताबांचा वारसा पूर्वीसारखाच राहील. तो अपवाद आजही लागू आहे. विल्यमसारखा मुलगा आज इंग्लंडमध्ये जन्मला तर किल्ल्यावर हक्क सांगेल, अर्लपदावर नाही.

रँडलला मूल नव्हते. जानेवारी 1942 मध्ये तो कॅलिफोर्नियात वारला आणि 1679 चे अर्लपद त्याच्याबरोबर थांबले. किल्ला गेला वुस्टरशायरमधल्या स्पेचली येथील कॅप्टन रॉबर्ट बार्कली यांच्याकडे. त्यांची शाखा 1421 च्या जेम्सच्या एका धाकट्या मुलापासून पुरुषामागून पुरुष चालत आलेली. म्हणजे रक्त बार्कलींचे, नाव बार्कलींचे, किल्ला बार्कलींचा. पण पहिल्या अर्लचे ते वंशज नव्हते, त्यामुळे किताब त्यांच्याकडे येण्याचा प्रश्नच नव्हता. बॅरनी लुइझाच्या मुलीकडे, मग नातीकडे गेली आणि 1992 मध्ये त्या नातीच्या भाच्याकडे. त्याचे आडनाव गटरबॉक. 1999 मध्ये बहुतेक वंशपरंपरागत लॉर्डांना सभागृहातून बाहेर काढण्यात आले, आणि पुढच्याच वर्षी हे लॉर्ड बार्कली आजीव पदवी मिळवून पुन्हा आत बसले. ती पदवी कोणाकडेही वारशाने जात नाही.